दहाजणींपैकी सहावी

आपल्या दवाखान्याबद्दल आजवर एकाही पेशंटने तक्रार केलेली नाही, असं डॉक्टर अभिमानाने सांगत, आणि ते शब्दशः खरं होतं. तोंडात कापसाचे बोळे, आरसा, लाळ ओढणारी नळी आणि वर डॉक्टरांची बोटं एवढा ऐवज कोंबलेला असताना माणसाची तक्रार 'आ' आणि 'ऑ' यांच्या पलीकडे जात नाही. डॉक्टर तिला दाद समजत.

दाद अर्थातच गाण्याला. डॉक्टर दातांचे होते, पण ते पोटापाण्यापुरते. मनाने ते गाण्यातले होते, आणि गाण्यातलेही म्हणजे एकाच अल्बममधले. कॉलेजात असताना, बंद पडणाऱ्या एका दुकानात, जिन्याखालच्या खोक्यात त्यांना तो सापडला होता. जॅझ आणि सोल गाणाऱ्या दहा बायका, प्रत्येकीचं एकेक गाणं. मुखपृष्ठावर निळ्या उजेडात एक मायक्रोफोन उभा होता आणि गाणारीचा पत्ता नव्हता. एकीचा फोटो छापला तर उरलेल्या नऊजणी काय म्हणतील, या धास्तीने छापणाऱ्याने मायक्रोफोनवरच भागवलं असावं.

दवाखाना चपलांच्या दुकानाच्या वर होता. बाहेरच्या खोलीत बाकं, जुनी मासिकं, आणि काउंटरवर डॉक्टरांची बायको. आतल्या खोलीत ती खुर्ची. हत्यारांच्या ट्रेच्या वर एक फळी, फळीवर सीडी प्लेअर. पेशंट खुर्चीत बसला की डॉक्टर हात धुवायच्या आधी बटण दाबत.

"जॅझ आणि सोल यांत फरक काय, सांगू?" ते विचारत, आणि पेशंटचं तोंड तोवर भरलेलं असल्याने सांगतच. "जॅझवाली दुःखाशी खेळते. सोलवाली ते तुमच्या मांडीवर आणून ठेवते. जरा मोठा आ करा."

वर्षानुवर्षं एकच अल्बम लावल्याचा परिणाम असा झाला, की डॉक्टरांचं काम त्या दहाजणींनी आपसांत वाटून घेतलं. पहिली गोड गळ्याची, मागे ट्रंपेट. ती लागली की खुर्ची मागे कलायची. दुसरी फटकळ, चुटक्या वाजवत गाणारी, तिच्यात इंजेक्शन. तिसरी आणि चौथी संथ, हिरडी बधिर होईपर्यंत पेशंटला गुंतवून ठेवायच्या कामावर. पाचवी शब्द वगैरे काही गात नसे, नुसतंच दा-बा-दी-बू करत वर-खाली पळायची, आणि डॉक्टरांचं ड्रिल तिच्या बरोबर पट्टीत लागायचं. दोघांत ड्रिल जास्त सुरात असतं, असं काही पेशंटांचं मत होतं, पण ते विचारलं कुणी?

आणि मग सहावी.

सहावीचा आवाज तळघरातून जिना चढून आल्यासारखा यायचा. प्रत्येक पायरीवर टेकत, दम खात, गेलेल्या माणसाला नावं ठेवत. वर पोचली की ती एका सुरावर उभी राहायची, आणि उभीच राहायची. आता संपेल, आता संपेल म्हणेपर्यंत तो सूर आणखी रुंद व्हायचा. त्या सुरात डॉक्टरांचं उजवं मनगट आपोआप वळायचं आणि दाढ बाहेर यायची. सूर संपायचा. डॉक्टर दाढ उजेडात धरून पेशंटला दाखवायचे आणि म्हणायचे, "झालं! चूळ भरा."

सातवी ते दहावी या चौघींवर मात्र अन्याय झाला होता. त्यांची पाळी यायची तेव्हा पेशंट गाल धरून जिना उतरत असे.

बायकोला सहावी सोसत नव्हती. "ती सहावी, मग मी कितवी?" तिने एकदा विचारलं होतं.

"तू काउंटरवर," डॉक्टर सहज म्हणाले होते, आणि त्यानंतर आठवडाभर त्यांच्या डब्यात काय होतं ते इथे न सांगितलेलं बरं.

अशा या डॉक्टरांना एके दिवशी बातमी लागली की सहावी जिवंत आहे. नुसती जिवंत नाही, तर एका पियानोवाल्याला बरोबर घेऊन लहानसहान गावांतून कार्यक्रम करत हिंडते आहे. डॉक्टर तडक संगीत मंडळाच्या बैठकीला गेले. बैठक नेहमीप्रमाणे बेकरीच्या मागच्या बाजूला, पिठाच्या पोत्यांवर होती, कारण मंडळाचा खजिनदार बेकरीवाला होता. अध्यक्ष शाळेच्या मुख्याध्यापिका, चिटणीस पोस्टमास्तर आणि उपाध्यक्ष खुद्द डॉक्टर.

"सहावी आपल्या गावात येऊ शकते!" डॉक्टर म्हणाले.

बेकरीवाल्याचा हात गालाकडे गेला.

"या वयात प्रवास झेपेल का त्यांना?" मुख्याध्यापिकांनी आशेने विचारलं.

"अगदी झेपतो म्हणे."

"हॉल मोकळा नसेल," पोस्टमास्तर म्हणाले.

"रविवारी दुपारी मोकळा आहे. विचारून आलोय."

पोस्टमास्तरांच्या खालच्या जबड्यातला पूल अर्धा बांधून झाला होता आणि उरलेला अर्धा पुढच्याच आठवड्यात बांधायचा होता. मुख्याध्यापिकांचं रूट कॅनाल उघडं होतं. ज्या माणसाचा हात उद्या आपल्या तोंडात जाणार आहे, त्याला आज नाही म्हणण्याची छाती त्या पोत्यांवर कुणाचीच झाली नाही. ठराव एकमताने पास झाला.

तिकिटांचंही तेच झालं. डॉक्टर स्वतः दारोदार गेले. ज्याचं दार वाजवावं तो त्यांचा पेशंट, किंवा पेशंटचा जावई, किंवा पेशंटची आत्या. डॉक्टरांना दारात पाहिल्यावर लोक आधी ओठ घट्ट मिटून घेत, मग तिकीट घेत आणि दार लावून घेत. शेवटचं तिकीट खपलं त्या दिवशी डॉक्टर घरी आले ते तरंगतच.

"बघितलंस? तू म्हणायचीस, लोकांना माझी गाणी आवडत नाहीत. अख्खा हॉल भरला!"

"अहो, कधी कुणाला विचारलंत का, आवडतं का म्हणून?"

"रोज विचारतो. माना डोलावतात."

"तुम्ही त्यांचं डोकं धरून हलवत असता."

डॉक्टरांनी ते मनावर घेतलं नाही. बायकोला सोल कळत नाही, हे त्यांनी लग्नानंतर लगेच ताडलं होतं आणि मोठ्या मनाने माफही केलं होतं.

शुक्रवारी सकाळी जाहिरात म्हणून ते सीडी घेऊन बेकरीत गेले. दुकानात ताजा पाव नुकताच बाहेर आलेला, बाहेरपर्यंत रांग. बेकरीवाला नाही-होय करेपर्यंत डॉक्टरांनी त्याच्या सीडीवाल्या रेडिओत ती चढवली आणि थेट सहावीच लावली.

पियानोचे पहिले सूर वाजले. रांगेतल्या पहिल्या बाईंनी पावाची पिशवी खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी जबडा धरला. मागच्या आजोबांनी मान मागे टाकून डोळे मिटले. एक गृहस्थ नुकताच बिस्किटाचा घास घेत होते. त्यांनी तो हळूच बाहेर काढून खिशात ठेवला. सहावी जिन्याच्या मध्यावर येईपर्यंत रांग फुटपाथवर गेली होती, आणि ती लांब सुरावर उभी राहिली तेव्हा दुकानात डॉक्टर, बेकरीवाला आणि पाव एवढेच उरले होते.

बेकरीवाल्याने बटण बंद केलं.

"डॉक्टर, एक बोलू? माझ्या तोंडात आत्ता काही नाहीये, म्हणून बोलून घेतो."

"बोल की."

"हे गाणं लागलं की माझी जीभ जड होते. हा डावा गाल, हा असा सुजल्यासारखा होतो. माझ्या मेहुण्याच्या लग्नात बँडवाल्याने असलंच काहीतरी वाजवलं, तर निम्मी वऱ्हाडी मंडळी घामाघूम. सगळी तुमचीच गिऱ्हाइकं."

"पण... तिकिटं तर सगळ्यांनी घेतली."

"घेतली ना. घेतली नसती तर तुम्ही भूल कमी दिली असती."

"मी असं करीन?" डॉक्टरांनी सीडी बाहेर काढत विचारलं.

"नाही करणार. पण खात्री करून बघायची हौस कुणाला आहे?"

डॉक्टर सीडी छातीशी धरून घरी आले. बायको भाजी चिरत होती. तिने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि सुरी बाजूला ठेवली.

"कळलं वाटतं."

"तुला माहीत होतं?"

"अहो, सगळ्या गावाला माहीत होतं."

"मग मला बोलली का नाहीस?"

"बोलले की. तुम्ही म्हणालात, तुला सोल कळत नाही."

डॉक्टर खुर्चीत बसले. गावात आपल्याला मान आहे, आपल्यामुळे लोकांचे कान तयार झाले, असं ते इतकी वर्षं समजून चालले होते. त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात सुंदर गोष्ट त्यांनी हौसेने, स्वतःच्या हाताने, एकेका माणसाला पकडून नकोशी करून ठेवली होती. आणि परवा ती बाई या लोकांसमोर उभी राहणार होती.

"कार्यक्रम रद्द करावा का?"

"आता? ती निघालीसुद्धा असेल. जा, स्टेशनवर घ्यायला जा. आणि तो चॉकलेटी शर्ट नका घालू. पेशंट दिसता त्यात."

सहावी गाडीतून उतरली तेव्हा डॉक्टरांना प्रथम पटेचना. एवढा थोरला आवाज एवढ्याशा बाईतून येतो कसा? ती त्यांच्या खांद्याला लागत होती. हातात काठी, गळ्यात लोकरी मफलर, आणि मागे तिची बॅग ओढणारा काटकुळा पियानोवाला.

"तुम्हीच ना ते डॉक्टर? सगळी तिकिटं गेली म्हणालात फोनवर. खरंच?"

"हो, म्हणजे गेली, पण..."

"मागच्या गावात माणसांपेक्षा खुर्च्या जास्त होत्या. त्याच्या आधीच्या गावात पहिल्या रांगेत एक गृहस्थ घोरत होते. चौकशी केली तर तेच आयोजक निघाले. मी याला म्हटलं," तिने काठीने पियानोवाल्याकडे खूण केली, "की बाबा रे, हा शेवटचा. इथेही तेच झालं तर घरी जायचं, मफलर विणायचे. तर तुमचा फोन! हॉल भरलाय! मला तर रात्री झोपच लागली नाही."

"खोटं," पियानोवाला म्हणाला. "चांगल्या झोपल्या होत्या."

"तू गप्प बैस. बरं डॉक्टर, तुम्ही कसले डॉक्टर?"

"दातांचे."

सहावीने एक पाऊल मागे घेतलं. "अरे देवा. मला दातांच्या डॉक्टरची फार भीती वाटते हो."

"सगळ्यांनाच वाटते," डॉक्टर खिन्नपणे म्हणाले. मग धीर करून त्यांनी विषय काढला. "एक विनंती होती. ते तुमचं गाणं, तेच ते, शेवटी लांब सूर आहे ते. ते नाही म्हटलंत तरी चालेल."

"नाही म्हटलं तरी?" तिने चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. "अहो, लोकांना माझं तेच एक गाणं ठाऊक आहे. ते नको, तर मला बोलावलंत कशाला?"

"घशाला त्रास नको, म्हणून म्हटलं."

"घसा माझा आहे. तुम्ही दातांचं बघा."

रविवारी दुपारी हॉल खरोखरच भरला. लोक चांगले कपडे घालून, इस्त्री करून, तोंड मिटून बसले होते. डॉक्टर पहिल्या रांगेत कडेच्या खुर्चीवर. शेजारी बायको, तिच्या पलीकडे मुख्याध्यापिका, मग पोस्टमास्तर आणि बेकरीवाला. हॉलच्या खुर्च्या जुन्या लाकडी, हातांच्या टोकांना गोल गोट्या असलेल्या. डॉक्टरांनी उजव्या हाताची गोटी घट्ट धरली होती.

सुरुवात मात्र झकास झाली. सहावीने आधी दुसरीच गाणी घेतली, अल्बममध्ये नसलेली, चालती, थट्टेखोर. एका गाण्यात तिने नवऱ्याची छत्री हरवल्याचा इतका शोक केला की पोस्टमास्तर हसू लागले. पोस्टमास्तर हसले की त्यांचा अर्धा पूल दिसतो, म्हणून ते हसत नसत, तेही विसरले. मागच्या रांगांतून पाय जमिनीवर ताल धरायला लागले. डॉक्टरांनी बायकोकडे पाहिलं. बायकोचं बोट पर्सवर टकटक करत होतं.

"तुला आवडतंय?" त्यांनी हळूच विचारलं.

"समोर बघा."

डॉक्टर समोर बघू लागले आणि मनातल्या मनात देवाला आणि पियानोवाल्याला विनवू लागले, की एवढ्यावरच थांबवा. पण सहावीने पाण्याचा घोट घेतला, मफलर सोडून पियानोवर ठेवला, आणि म्हणाली, "आता ते. ज्यासाठी तुम्ही सगळे आलात."

पियानोचे पहिले सूर वाजले, आणि हॉलभर एक बारीक आवाज झाला. शेकडो माणसांनी एकदम लाळ गिळल्याचा.

मुख्याध्यापिकांची मान आपोआप मागे कलली आणि तोंड उघडलं. बेकरीवाल्याने डावा गाल धरला. पोस्टमास्तरांनी खुर्चीचे दोन्ही हात असे पकडले, जसं काही हॉल उडणार आहे. डॉक्टरांनी मागे वळून पाहिलं. रांगांमागून रांगा, कुणी जबडा धरलेला, कुणी आ वासलेला, कुणी डोळे मिटून घेतलेले. अर्ध्या माणसांनी छातीवर रुमाल पसरला होता. तिसऱ्या रांगेतली एक बाई उठून जायला निघाली, आणि तिच्या नवऱ्याने तिला पदर धरून खाली बसवलं. हा नवरा परवाच तीच धडपड करत दवाखान्यातल्या खुर्चीतून उठत होता आणि हीच बायको त्याला धरून बसवत होती, हे डॉक्टरांना चांगलं आठवत होतं.

सहावी जिना चढत होती. दुसऱ्या कडव्याला तिने डोळे उघडले आणि समोर पाहिलं. तिचा आवाज क्षणभर अडखळला. पियानोवाल्याने मान वर केली. इतक्या वर्षांत तिने झोपलेले लोक पाहिले होते, घड्याळ बघणारे पाहिले होते, पण अख्खं गाव वेदनेने कळवळताना पाहिलं नव्हतं. तिचा चेहरा पडला. मफलर विणायच्या सुया तिला दिसायला लागल्या असाव्यात.

पण ती जुन्या वळणाची होती. सुरू केलेलं गाणं टाकायचं नाही. तिने काठी घट्ट धरली, श्वास घेतला आणि लांब सुरावर जाऊन उभी राहिली.

सूर रुंद झाला, आणखी रुंद झाला, आणि इतक्या वर्षांच्या सरावाने डॉक्टरांचं उजवं मनगट आपोआप वळलं.

कडाड!

सूर संपला. आणि त्या शांततेत डॉक्टर सवयीने उठून उभे राहिले, हातात आलेली खुर्चीची गोटी त्यांनी स्टेजच्या उजेडात उंच धरली, आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "झालं! चूळ भरा."

मग आपण काय केलं ते त्यांना कळलं, आणि त्यांची दातखिळी बसली.

आधी बेकरीवाला हसला. जिभेने त्याने सगळे दात चाचपून पाहिले, सगळे जागेवर होते, आणि तो आणखी हसला. मग मुख्याध्यापिकांनी तोंड मिटलं आणि त्याही हसल्या. मग हसू मागे मागे पसरत गेलं, आणि हॉल असा गडगडला की पियानोवरचा मफलर घसरून खाली पडला.

सहावी मात्र हसत नव्हती. ती काठी टेकत स्टेजच्या कडेपर्यंत आली.

"डॉक्टर, हातात काय आहे तुमच्या?"

डॉक्टर गोटीकडेच बघत राहिले. तेव्हा बायको उभी राहिली. तिने पदर खोचला, जसा ती पेशंट पळून जायला लागला की खोचायची.

"बाई, मी सांगते. हे तुमच्या या गाण्यावर दात उपटतात. लग्न झाल्यापासून बघतेय. तो लांब सूर आला की यांचा हात वळतो. हे समोर बसलेत ना, सगळ्यांच्या दाढा तुमच्या आवाजावर गेल्यात. म्हणून हे असे बसलेत. तुमच्या गाण्यात काही खोट नाही. खोट यांच्यात आहे," आणि जरा थांबून म्हणाली, "पण यांनाही वाईट हेतू नव्हता. तुम्ही म्हणजे यांचा जीव की प्राण."

डॉक्टर गोटी हातात घेऊन शाळेत उभं केलेल्या मुलासारखे उभे होते.

"ज्यांच्या ज्यांच्या दाढा माझ्यावर गेल्या," सहावी म्हणाली, "त्यांनी हात वर करा."

आधी पोस्टमास्तरांचा हात वर गेला. मग सगळ्यांचेच गेले. काहींनी दोन वर केले.

सहावीने ते हात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिले. मग पियानोवाल्याकडे वळली.

"ऐकलंस? हे गाणं रेकॉर्ड केलं, तेव्हा काचेमागचा तो जाड्या काय म्हणाला होता, आठवतं? म्हणाला होता, बाई, आवाज बरा आहे, पण दुःख ऐकणाऱ्यापर्यंत पोचत नाही." तिने काठी हॉलवरून फिरवली. "बघ म्हणावं आता येऊन. मुळापर्यंत पोचलंय!"

आणि मग ती हसली. ते हसणंही तळघरातूनच आलं, पायऱ्या चढत.

"आता तोंडं मिटा सगळ्यांनी," ती म्हणाली. "रुमाल घड्या करून खिशात ठेवा. मी पुन्हा गाते. कुणाचा दात जाणार नाही, माझा शब्द. डॉक्टर, तुम्ही हातांवर बसा."

डॉक्टर खरोखरच हातांवर बसले. तिने गाणं पहिल्यापासून घेतलं. पहिल्या कडव्याला हात गालांवर होते. दुसऱ्या कडव्याला एकेक हात खाली आला. आणि बहुधा पहिल्यांदाच त्या गावाने ऐकलं, की त्या गाण्यात शब्दही आहेत, की एक बाई जिन्यात उभी राहून, निघून गेलेल्या माणसाला सांगते आहे, दिवा मालवलेला नाही. लांब सूर आला. आला, आणि गेला, आणि सगळ्यांचे दात जिथल्या तिथे. त्या आनंदात लोक जे उठून उभे राहिले ते बसेचनात. टाळ्या थांबायचं नाव घेईनात. "पुन्हा! पुन्हा!" असं ओरडणाऱ्यांत सगळ्यात वरचा आवाज त्या तिसऱ्या रांगेतल्या बाईचा होता.

कार्यक्रमानंतर मागच्या खोलीत डॉक्टरांनी चाचरत सीडी पुढे केली. सहावीने ती नाकाशी नेली.

"लवंगेच्या तेलाचा वास येतोय."

"फळी ट्रेच्या वर आहे ना."

"माझ्यात दाढ जाते. मग बाकीच्या काय करतात?"

"पहिलीला खुर्ची मागे. दुसरीला इंजेक्शन."

"दुसरीला इंजेक्शन!" सहावीने टाळी वाजवली. "अगदी बरोबर. स्वभावच तसा होता तिचा. आणि पाचवी?"

"ड्रिल."

"हे मी तिला कळवणार," सहावी समाधानाने म्हणाली आणि निळ्या मायक्रोफोनखाली सही केली. मग डॉक्टरांच्या बायकोकडे वळली. "मफलर विणायचे राहिले हो. पुढच्या महिन्यात आणखी दोन गावं ठरली आहेत, तुमच्याच लोकांच्या नातेवाइकांची. तुम्हाला आवडलं का?"

"छत्रीचं फार आवडलं," बायको म्हणाली. आणि डॉक्टरांकडे न बघता, "दुसरंही बरं होतं."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सीडी दवाखान्यातून घरी नेली. आता ती संध्याकाळी, पाय पसरून, दोन्ही हात रिकामे ठेवून ऐकायची, असं त्यांनी ठरवलं. दवाखान्यात यापुढे शांतता. फळीवर त्यांनी एक कुंडी ठेवली.

पहिला नंबर मुख्याध्यापिकांचा होता. रूट कॅनालचा काही उपयोग होणार नव्हता, दाढ काढावीच लागणार होती. खुर्ची मागे कलली. इंजेक्शन झालं. हिरडी बधिर झाली. डॉक्टरांनी दाढ चिमट्यात धरली, आणि तसेच उभे राहिले.

मनगट वळेना.

त्यांनी पुन्हा पकड घेतली. खांदा सैल केला. कुंडीकडे पाहिलं. मनगट आपलं ढिम्म. मुख्याध्यापिकांनी डोळा उघडून प्रश्नार्थक "ऑ?" केलं.

"एक मिनिट हं," डॉक्टर म्हणाले.

बराच वेळ झाला तसं बाहेर बाकांवर चुळबूळ सुरू झाली. पोस्टमास्तर आपल्या उरलेल्या पुलासाठी आले होते, बेकरीवाला दुधाचा दात पडत नसलेल्या मुलीला घेऊन आला होता, आणि आणखी चारपाच मंडळी होती. बायकोने दार किलकिलं करून आत पाहिलं, डॉक्टरांचा चेहरा पाहिला, आणि काउंटरवर परत येऊन बसली. तिने टेबलावर बोटांनी ताल धरला. संथ, एकेक पायरी चढल्यासारखा.

बेकरीवाल्याने पहिली ओळ म्हटली. पोस्टमास्तरांनी दुसरी उचलली. मग सगळं बाक. शब्द, मधल्या जागा, दम खायच्या जागा, एकूण एक त्यांना पाठ होतं. तोंड उघडं ठेवून इतकी वर्षं ऐकलं होतं त्यांनी. गाणं जिना चढलं, वर पोचलं, आणि दवाखान्याची बाहेरची खोली त्या लांब सुरावर जाऊन उभी राहिली, ज्याला जसा जमेल तसा.

डॉक्टरांचं मनगट वळलं.

"झालं," ते म्हणाले. "चूळ भरा." त्यांचे डोळे भरून आले होते, आणि दाढ उजेडात धरायला ते विसरले होते.

मुख्याध्यापिका चूळ भरून उठल्या, गालात कापूस घेऊन, दाराकडे बोट दाखवत तावातावाने काहीतरी बोलल्या. फक्त स्वरच ऐकू आले. डॉक्टरांनी सवयीने मान लववून दाद स्वीकारली.

"दाद नाहीये ती," दारातून बायको म्हणाली. इतक्या वर्षांत तिला ती भाषा कळायला लागली होती. "त्या म्हणताहेत, पोस्टमास्तर शेवटी खाली उतरले. सूर पुरा लावता येत नसेल तर पुढच्या वेळी त्यांना घेऊ नका."